जुळणीचा प्रश्न

एखादी वस्तू केवळ डोळ्यांस बरी दिसते एवढ्याच कारणावरून निवडावी की काय, हा प्रश्न वरवर वाटतो तितका क्षुल्लक नाही. आमच्या घरी तो नुकताच एका सायकलीच्या निमित्ताने उपस्थित झाला. आमच्या भाच्याने एक जुनी रेसर सायकल घेतली. तिचे खाली वाकलेले हँडल काढून त्या जागी बैलाच्या शिंगांप्रमाणे पुढे जाऊन टोकाशी वर वळलेले हँडल बसवावे, आणि ते ज्यात आवळले जाते ते स्टेमही त्याच चकचकीत रुपेरी झिलईचे असावे, असा त्याचा मनोदय. कारण विचारले तेव्हा म्हणाला, "मामा, छान दिसतं!" आम्ही उपदेशास आरंभ करणारच होतो, पण आमच्या खिशातील फाउंटन पेन आम्ही स्वतः कोणत्या गुणावर पसंत केले होते, याची वेळीच आठवण झाली आणि आम्ही गप्प बसलो.

वस्तुतः हा शिंगांचा आकार शोभेसाठी जन्मास आलेला नाही. शर्यतीत घड्याळाशी एकट्याने झुंजणाऱ्या स्वारास अंग पुढे झोकून, वाऱ्याशी कमी भांडत जाता यावे, एवढाच त्याचा हेतू. पुष्कळ हौशी लोक तर जुन्याच वाकड्या हँडलाचा खालचा भाग करवतीने कापून व उरलेला उलटा बसवून असली शिंगे घरच्या घरी तयार करीत आले आहेत. सन १९८४ च्या जानेवारीत फ्रांचेस्को मोझर याने मेक्सिको शहरी एका तासात ५१.१५१ किलोमीटर अंतर तोडले, तेव्हा त्याच्या हाती असेच हँडल होते. सन १९८९ च्या फ्रान्स-प्रदक्षिणेच्या शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस या २४.५ किलोमीटरांत लोरां फिन्यों केवळ शिंगे धरून धावला. ग्रेग लेमाँड याने त्या शिंगांवर कोपरे टेकण्यास आणखी एक जोड बसविली होती. पन्नास सेकंदांनी मागे असलेला लेमाँड त्या दिवशी आठ सेकंदांनी सबंध शर्यत जिंकला. यश माणसाचे की नळीचे, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

तो मिटविण्याचा एक प्रयत्न अधिकृतपणे झाला. सायकलींच्या आंतरराष्ट्रीय संघाने सन २००० मध्ये असे ठरविले की, तासाचा खरा विक्रम एडी मर्क्सच्या सन १९७२ मधील ४९.४३१ किलोमीटरांचाच मानावा, आणि तो मोडू इच्छिणाऱ्याने मर्क्सच्या धर्तीचीच सायकल व तसेच साधे वाकडे हँडल वापरावे. त्याच वर्षी ख्रिस बोर्डमन याने मँचेस्टर येथे ४९.४४१ किलोमीटर अंतर कापले. म्हणजे अधिक किती, तर दहा मीटर! हा न्याय आम्हांस मोठा मोहक वाटतो, तथापि पुरता पटत नाही. मर्क्सची सायकल तरी रानात थोडीच उगवली होती? तीही त्या दिवसाकरिता मुद्दाम हलकी करून घडविलेली होती. पुढे सन २०१४ मध्ये संघाने हा नियम पुन्हा सैल केला.

आता आमच्या भाच्यास ना तासाचा विक्रम करावयाचा, ना पॅरिसला जावयाचे. दुसऱ्याच्या गरजेतून निघालेला आकार आपण हौसेने अंगावर घ्यावा, यात लबाडी आहे काय? आम्ही थोडा विचार केला आणि 'नाही' असे उत्तर दिले. लष्करासाठी शिवलेले कोट शांतताप्रिय माणसे घालतातच. परंतु हौस जिथे मापाशी खोटे बोलू लागते, तिथे आमची संमती संपते.

आणि नेमके तसेच घडले. घरी आणलेली जोडी रंगाने अशी जुळत होती की पाहणाऱ्याने छत्तीस गुण जमले म्हणावेत. पण हँडलाचा मध्यभाग २५.४ मिलिमीटरांचा आणि स्टेमची पकड २६ मिलिमीटरांची निघाली. अंतर सहा दशांश मिलिमीटर! नळी आत सहज जाते, स्क्रू आवळला की घट्टही वाटते. आणि एखाद्या खड्ड्यात जोराने भार पडला की हँडल हातातच फिरते. कारागिराने तोड सुचविली ती अशी, की मध्ये डब्याच्या पत्र्याची पट्टी सारावी. मापाने घडविलेली कडी यासाठी मिळतात, आणि त्यांस आमची हरकत नाही; परंतु हा पत्रा फट बुजविण्यापेक्षा ती झाकण्यासाठीच अधिक होता. खरी लाज पुढे आहे. आम्ही 'चालेल' म्हणालो. उन्हे फार होती, दुकानात गर्दी होती, आणि मुलाचा चेहरा आमच्याने पाहवेना.

रात्री मात्र झोप येईना. आमच्या मनात सारखा ब्रेकचा विचार येत होता. असल्या हँडलावर ब्रेकच्या मुठी बहुधा शिंगांच्या टोकांतच बसवितात. चौकात मंद चालताना हात आडव्या दांडीवर असतात, आणि समोर एखादे पोर धावत आले तर ते हात टोकांपर्यंत नेण्यात जो क्षण जातो, तो त्या पोराच्या मालकीचा असतो. त्या पोराने हँडलाचा रंग निवडलेला नसतो. सायकल आपली, हौस आपली, म्हणून निवडही सर्वस्वी आपली, हे म्हणणे रस्त्यावर येताच लंगडे पडते.

सकाळी आम्ही भाच्यास सर्व सांगितले, आमच्या 'चालेल'सकट. तो प्रथम रुसला. "काल का नाही बोललात?" असे त्याने विचारले, त्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. मग दोघे मिळून माप घेऊन बसलो. शिंगे हात पुढे नेतात म्हणून स्टेम आखूडसे हवे, चिमट्याच्या नळीत उतरणारा त्याचा दांडा २२.२ मिलिमीटरांचा हवा, आणि पकड २५.४ चीच हवी. असे स्टेम मिळाले ते काळे. त्याने ते बराच वेळ हातात फिरवून पाहिले, आणि घेतले. आडव्या दांडीवर बसणाऱ्या ब्रेकच्या जादा मुठींची जोडीही घेतली. तिचे पैसे आम्ही दिले. रुपेरी स्टेम आमच्या टेबलावर कागदांवरचे वजन म्हणून पडले आहे. भाचा येतो, ते उचलून पाहतो आणि म्हणतो, "मामा, हेच छान दिसलं असतं." आम्हांसही तसेच वाटते.