सैल तारांची शाळा

हवाईयन गिटार म्हटले की आपल्या रसिकांना मांडीवर आडवी घेऊन पोलादी कांडीने वाजवायची गिटार आठवते. ब्रिजभूषण काब्रांनी १९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये वाजवली ती त्याच कुळातली. पण हवाई बेटांवर तिच्याहून जुनी एक परंपरा आहे: ‘की होआलू’, म्हणजे तारा सैल सोडून वाजवणे.

१८३०च्या दशकात बेटांवर माजलेली रानगुरे आवरायला मेक्सिकन गुराखी आणले गेले, त्यांच्याबरोबर गिटार आली. गुराखी परतले, वाद्य राहिले. स्थानिकांनी तारा आपल्या गळ्याला मानवतील तशा उतरवल्या. ‘टॅरो पॅच’ या सर्वांत रूढ जुळणीत पहिली, पाचवी आणि सहावी तार एकेक पूर्ण स्वर खाली येते. मग एकही बोट न दाबता मेजर कॉर्ड वाजते. अंगठा खर्ज सांभाळतो, बाकीची बोटे चाल खेळवतात.

या जुळण्या घराघराने लपवल्या. परका माणूस दिसला की वादक खुंट्या फिरवून टाकत, असे सांगतात. घराण्यातल्या चिजा बाहेर जाऊ न देणारे खाँसाहेब आणि त्या मिळवून छापणारे भातखंडे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. मात्र इथे दुसरेही एक संकट होते. १८९३ मध्ये हवाईचे राज्य उलथवले गेले आणि १८९६च्या कायद्याने शाळांतून हवाईयन माध्यम गेले. ज्या गाण्यांना ही गिटार साथ करी, त्यांची भाषाच घरातून ओसरू लागली. अशा वेळी गुपित राखणारा माणूस वारसा जपत नसतो. तो आपल्याबरोबर घेऊन जातो.

म्हणूनच गिटारवादक केओला बीमर यांनी सत्तरच्या दशकात शिकवणीचे पुस्तक काढले, हे योग्यच झाले. पुढे बीमर कुटुंबाचे ‘अलोहा म्युझिक कॅम्प’ हे निवासी शिबिर मोलोकाई आणि हवाई बेटावर भरू लागले. तिथे गिटारबरोबर हुला नृत्य, मंत्रपठण, भाषा आणि लेई म्हणजे माळा गुंफणेही असे. केओलांच्या आई नोना बीमर यांना विद्यार्थिदशेत पारंपरिक पठण आणि नृत्य केल्याबद्दल शाळेतून काढले होते. नंतर त्यांनी त्याच शाळेत दशकानुदशके हवाईयन संस्कृती शिकवली.

अशा शिबिरांवर आक्षेप घेता येतो. विमानभाडे आणि निवासाचा खर्च झेपणाऱ्यालाच ती परवडतात, आणि पर्यटनाने महागलेल्या बेटांवर स्थानिक तरुणाला घर मिळणे मुश्किल. पूर्वी काकांशेजारी वर्षानुवर्षे गुपचूप बसून जे कानात मुरे, ते आठवड्यात मुरत नाही. हा आक्षेप खरा आहे. पण त्यावर उपाय म्हणून हुला आणि भाषा गाळून निव्वळ गिटार शिकवणे अधिक वाईट.

याचा पुरावा ग्रॅमीने दिला. २००५ मध्ये हवाईयन संगीताचा वेगळा पुरस्कार सुरू झाला आणि पहिलाच मान मिळाला सैल तारांच्या वाद्यसंगीताच्या संकलनाला. पुढेही बहुतेक वेळा अशीच संकलने जिंकली; हवाईयन भाषेत गाणारे मागे पडतात, अशी तक्रार बेटांवर वाढली. २०११ मध्ये तो विभागच बंद झाला. शब्द बाजूला ठेवून हे संगीत जगभर सहज फिरते. ‘हीइलावे’ हे वाइपिओ दरीतल्या धबधब्याचे नाव, हे ठाऊक नसतानाही त्या नावाचे गाणे बोटांतून सफाईने उतरवता येते. शिबिराच्या वेळापत्रकात भाषेचा तास वैकल्पिक आहे की सक्तीचा, हे आधी पाहायला हवे.