चाव्याचा धाक

जो प्राणी आपण कधी पाहणार नाही, त्याच्याविषयी आपले काही कर्तव्य असते का? महाकाय मुंगीखाऊविषयी वाचताना हा प्रश्न मला पडला. दक्षिण अमेरिकेतला हा प्राणी शेपटीसह दोन मीटरपर्यंत लांब भरतो. तोंडात एकही दात नाही. जीभ मात्र सुमारे ६० सेंटिमीटर. आपले खवले मांजरही मुंग्या-वाळवीच खाते, पण दोघांचे कूळ वेगळे.

त्याची जेवण्याची रीत विचार करण्याजोगी आहे. वारूळ नखांनी फोडावे, जेमतेम मिनिटभर खावे आणि पुढच्या वारुळाकडे वळावे. वारूळ उद्ध्वस्त होत नाही. मुंग्या ते पुन्हा सांधतात. याला संयम म्हणावे का? नाही. सैनिक मुंग्या कडाडून चावतात म्हणून तो निघतो. पण त्या चाव्यामुळेच दोघांचेही चालते.

माणसालाही पूर्वी असा चावा बसत असे. गावाने शेजारचे रान तोडले, तर त्याच गावच्या बायकांना सरपणासाठी दूर चालावे लागे. आता खाणारा एकीकडे आणि वारूळ दुसरीकडे. ब्राझीलमधला सेर्रादो हा सुमारे २० लाख चौरस किलोमीटरचा गवताळ, विरळ झाडांचा प्रदेश मुंगीखाऊचे मोठे घर. त्यातले जवळजवळ निम्मे रान गुरांची कुरणे आणि सोयाबीन यांसाठी गेले. उरलेल्यातून महामार्ग गेले. मादी आपले एकुलते पिल्लू पाठीवर वाहते. वाहनाच्या एका धडकेत दोन जीव जातात.

आपला देश सोयाबीन तेल मोठ्या प्रमाणावर अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून आणतो. बेळगावात चकली तळताना कढईतले तेल कुठल्या रानातले, हे डबा सांगत नाही. गरिबाच्या कढईला मी दोष देणार नाही. स्वस्त तेल घेणे हे पाप नव्हे. परंतु रान तोडून पिकवलेला माल नको, अशी अट व्यापारी आणि सरकार घालू शकतात, आणि ती घाला असे आपण म्हणू शकतो. ज्याला चावा बसत नाही, त्याने विवेकाने थांबायचे असते.

अर्जेंटिनातील इबेरा पाणथळीतून मुंगीखाऊ नाहीसा झाला होता. शिकाऱ्यांनी आया मारल्याने पोरकी झालेली पिल्ले वाढवून २००७पासून तो तिथे पुन्हा सोडण्यात आला. पुढे तिथे त्याची वीणही वाढली. हे काम करणाऱ्यांना कोणतीही मुंगी चावली नव्हती.