गाणाऱ्याचे नाव

गेल्या पावसाळ्यात अफजलपूर तालुक्यातील करजगी येथे घरसभेसाठी जाण्याचा योग आला. हा भीमेकाठचा तालुका सरहद्दीवरचा. एकाच घरात आजी मराठीत प्रार्थना करते आणि नातू तिला कानडीत उत्तर देतो. सभा आटोपल्यावर त्या घरच्या तरुणाने आम्हांस आपली 'गाण्याची खोली' दाखविली. खोली कसली, धान्य ठेवण्याची जागा ती! एका भिंतीला ज्वारीची पोती, खिडकीवर दोन गोधड्या टांगलेल्या, मधोमध एक मायक्रोफोन आणि जुना लॅपटॉप. मायक्रोफोनच्या पुढे भरतकामाच्या कड्यावर ताणून बसविलेले पातळ कापड होते. 'प' आणि 'फ' म्हणताना तोंडातून जो वारा सुटतो तो त्या कापडाने अडतो, असे त्याने समजाविले. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही, हेही मोठ्या अभिमानाने सांगितले. रस्त्यावरच्या मोटारसायकली थांबल्या की रात्री साडेदहानंतर तो गायला बसतो.

तो एकटा नाही. भालकीचा एक मुलगा तबला वाजवितो, सोलापूरचा एक कीबोर्ड वाजवितो, आणि पुण्यातला कोणी हे सारे एकत्र जुळवितो. एकाने आपला भाग फोनवरून पाठवायचा, दुसऱ्याने त्यावर आपला चढवून पुढे धाडायचा. या चौघांनी एकमेकांना समक्ष पाहिलेले नाही. कोणी कोणाकडून पैसा घेत नाही. ज्या साधनाने हे काम चालते ते ऑडॅसिटी नावाचे साधनही २००० सालापासून सर्वांना फुकट दिलेले आहे. प्रेषितांच्या काळी विश्वासणाऱ्यांचे सर्व काही समाईक होते असे आपण वाचतो. त्याची आठवण आम्हांस त्या ज्वारीच्या पोत्यांत बसून झाली, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. तरुणांच्या हातातील यंत्र दिसले की कपाळाला आठ्या घालणारे जे बंधू आहेत त्यांच्यात आम्ही नाही.

प्रश्न उभा राहिला तो निराळ्याच गाण्यावरून. शेजारच्या एका आजींनी तुरी निवडता निवडता येशूच्या जन्माची ओवी म्हटली होती. या तरुणाने ती फोनवर टिपली. मग तिचा सूर जिथे खाली उतरला होता तिथे तो यंत्राने वर उचलला. सूर नीट करणारी ही युक्ती १९९७ साली बाजारात आली. ती काढणारा गृहस्थ आधी जमिनीखालचे तेल शोधण्याच्या कामात होता! ओव्यांच्या मधल्या रिकाम्या जागा कापून टाकल्या, खाली तबला बसविला आणि वर लिहिले, 'देवाच्या गौरवासाठी'. नाव कोणाचेच नाही, स्वतःचेही नाही. गाणे गावोगाव फिरले. आम्हांलाही आले. आम्ही ते पुढे पाठविले आणि एका रविवारी उपासनेत लावलेही. हे गाते कोण, असे आम्ही कोणाला विचारले नाही. चार महिन्यांनी आजींच्या भाचीने शहरातून तेच गाणे त्यांना ऐकविले, तेव्हा त्यावर सूर्योदयाचे चित्र आणि कोणा तिऱ्हाइताचे नाव होते.

आजींना ते नाव वाचता येत नाही. त्यांचे दुःख निराळे होते. तो तरुण आमच्याबरोबर त्यांच्याकडे गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "मी तिथं दम खाते की रे. तू मला तालामागं पळवलास."

तरुण वाईट मनाचा नव्हे. परत येताना त्याने आमच्यापुढे शास्त्रच ठेविले. उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये असे प्रभूने शिकविले, मग नाव कशाला हवे? या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी आम्हांला देता आले नाही. बस येईपर्यंत आम्ही दुसरेच काही बोललो.

पुढे विचार केला तेव्हा असे दिसले की प्रभूचे ते वचन दान देणाऱ्याला उद्देशून आहे. देणाऱ्याने आपला हात झाकावा. घेणाऱ्याने देणाऱ्याचा हात झाकावा असे त्यात कोठेही नाही. स्वतःचे नाव लपविणे ही नम्रता आहे. दुसऱ्याचे नाव आपण लपविले तर तिला नम्रता म्हणता येत नाही, कारण आपल्या पदरचे त्यात काहीच गेलेले नसते. अर्णोनाचे खळे फुकट मिळत असता दाविदाने ते पैसे मोजून घेतले. ज्याला आपणांस काही पडले नाही असे होमार्पण त्याला करावयाचे नव्हते. आमच्या तरुणाने अर्पण केले ते आजींचे, आणि त्यांना न विचारता. वर गंमत अशी की बेवारशी वस्तूला लगेच मालक मिळतो. आपण नाव गाळले म्हणजे ते देवाला जाते असे नव्हे, बहुधा ते तिसऱ्याच माणसाला जाते.

पवित्र शास्त्र गाणाऱ्यांची नावे जपते. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचा २५ वा अध्याय आपण वाचनात सहसा ओलांडून जातो. त्यात नावांची नुसती रांग आहे. आसाफ, हेमान, यदूथून आणि त्यांची मुले, असे एकूण २८८ गवई. त्यांच्या चिठ्ठ्या टाकताना लहानमोठा, गुरू-शिष्य असा भेद केला नाही. १२ स्तोत्रांच्या माथ्यावर आसाफाचे नाव आजही आहे. अनेक स्तोत्रे बिननावाची आहेत हेही खरे. ज्या स्त्रीने प्रभूच्या मस्तकावर सुगंधी तेल ओतले तिचे स्मरण सर्व जगात होईल असे प्रभू म्हणाला, तरी मार्काने तिचे नाव दिले नाही. बेथानीच्या मरीयेचे नाव योहानाने दिले. मार्काने का दिले नाही हे आम्ही ठरवू शकत नाही. पण तिने जे केले ते त्याने जसेच्या तसे सांगितले. फुटलेली कुपी त्याने सांधली नाही.

कोणी म्हणेल, गाणी तर बदलतच आली. टिळकांची गीते प्रत्येक मंडळी आपापल्या चालीवर गाते. सोलापूरकडे एक चाल, तर नगरकडे दुसरी. यात चूक आम्हांला दिसत नाही. दुसऱ्याचे गीत आपण नव्याने गातो तेव्हा त्यात आपला श्वास घालतो, म्हणून थोडे बदलण्याचा अधिकारही येतो. ध्वनिमुद्रणात श्वास त्याचाच असतो. तो कापणे म्हणजे माणसालाच कोठेतरी कापणे आहे. स्वतःच्या आवाजाचा सूर यंत्राने नीट करावा. उपासनेला येण्यापूर्वी आपण केस विंचरतोच. दुसऱ्याच्या डोक्याला मात्र विचारल्याशिवाय फणी लावू नये.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक सांगतो. नाताळच्या मुलांच्या एका ध्वनिमुद्रणात सूर न लागणाऱ्या दोघा मुलांचा आवाज बंद केलेला आम्हांस ठाऊक आहे. गाणे गोड झाले. त्यांतील एकाची आई ते कानाला लावून आपल्या मुलाला शोधत बसली.

कायदाही येथे पाहण्यासारखा आहे. १९५७ च्या कायद्याप्रमाणे खऱ्या धार्मिक विधीत मुद्रित गाणे लावण्यास हरकत नाही, म्हणून त्या रविवारी आम्ही गुन्हा केला नाही. कवीचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. टिळक १९१९ साली वारले, त्यांचा केव्हाच संपला. परंतु २०१२ च्या दुरुस्तीने गाणाऱ्यालाही आपले नाव लावून घेण्याचा आणि मान जाईल अशी मोडतोड होऊ न देण्याचा हक्क दिला. सरकारला जे सुचले ते आम्हां उपदेशकांना सुचले नाही. १९०२ साली कलकत्त्यास ग्रामोफोनवाल्यांनी गौहर जानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा गाणे संपताच तिने आपले नाव मोठ्याने सांगितले. परदेशात तबकड्या बनविणाऱ्यांना ते गाणे कोणाचे हे कळावे म्हणून, असे सांगतात.

आमचाही एक हिशोब आहे. कॅसेटच्या दिवसांत विकतच्या कॅसेटची मोडलेली खाच कागदाच्या बोळ्याने बुजवून आम्ही तीवर हवे ते उतरवीत असू. एकदा शेजारच्या गावच्या गायकवर्गाची सहा गाणी उतरविली, वर आमच्या तरुण संघाचे नाव घातले आणि ती पाहुण्यांना भेट दिली. त्या सहा गाण्यांतल्या बाया कोण होत्या, हे आता सांगणारे कोणी उरलेले नाही.

तरुण पुन्हा आजींकडे गेला. गाणे काढून टाकतो म्हणाला. त्यांनी नको म्हटले. "तबला राहू दे, पण त्याला म्हणावं, माझ्यामागनं यायचं." नाव विचारले तेव्हा त्या हसल्या. "गाणं माझं कुठलं, सासूबाईचं ते." सासूचे नाव घरात कोणी घेत नसे, म्हातारी एवढेच म्हणत. पुष्कळ वेळ आठवून त्यांनी ते सांगितले. आता गाण्यावर दोघींची नावे आहेत. मासिकात नको, गाण्यावर पुरे, असे आजींनी बजावल्यामुळे येथे ती देता येत नाहीत.

भालकीच्या मुलाला तबला सगळा पुन्हा वाजवावा लागला. आजी कोठे थांबतील याचा नेम नाही, म्हणून आधीपेक्षा फार अवघड गेले, असे त्याने कळविले. त्याचेही नाव घालावे म्हणून तरुणाने विचारले, तर तो नको म्हणाला.