समान काम, समान दाम



आज सकाळीही गावोगावी बाया भाकरी बांधून खुरपणीला निघाल्या असतील. उन्हातान्हात ओणव्याने पात धरतील, दिवसभर हातातलं खुरपं थांबू देणार नाहीत. आणि संध्याकाळी बऱ्याच ठिकाणी त्यांच्या हातावर गड्यापेक्षा कमी मजुरी पडेल. बाईचं काम हलकं, असं आपण सहज म्हणून जातो. पण हे हलकं-जड ठरवलं कुणी?

मुंबईच्या ऑड्री डिकोस्टा यांनी अशाच अन्यायाविरुद्ध दाद मागितली. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत त्या लघुलेखिका होत्या. काम तेच, पण पुरुष लघुलेखकांना पगार जास्त. १९७६ च्या समान वेतन कायद्याचा आधार घेऊन त्या लढल्या. कंपनीने कामगार संघटनेशी झालेल्या कराराकडे बोट दाखवलं, पैशाची अडचण सांगितली. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की मालकाची ऐपत नाही म्हणून बाईला कमी पगार देता येणार नाही.

कायदा आहे, निकालही आहे. पण प्रत्येक बांधावर न्यायालय येऊन उभं राहणार नाही. तिथे आपणच न्यायाने वागायला हवं. मजुरी ठरवताना स्वतःला एवढंच विचारू या: हेच काम पुरुषाने केलं असतं, तर किती दिले असते? तेवढेच तिला देऊ या. यात उपकार कसलेच नाहीत. तो तिच्या घामाचा हक्क आहे.