एक तारीख आणि राहून गेलेले काम



दर महिन्याच्या एक तारखेला, हॉस्पिटलला निघण्यापूर्वी, चहा घेताना मी एक जुनी वही उघडतो. तिच्यात माझ्या हौसेच्या कामांची यादी असते : पेटीवर भूप बसवणे, घरच्या गणपतीसाठी शाडूची मूर्ती स्वतः घडवणे आणि आईच्या ओव्या लिहून काढणे. ही तिसरी ओळ २००९ पासून प्रत्येक महिन्याच्या पानावर आहे.

आई सातारा जिल्ह्यातली. लहानपणी जात्यावर शिकलेल्या शेकडो ओव्या तिला पाठ होत्या. उन्हाळ्यात ती आमच्याकडे ओहायोला येई, भाजी निवडताना गुणगुणत असे. मी ऐकत असे आणि मनात म्हणत असे, "निवृत्त झालो की निवांत लिहून घेऊ." ऑन-कॉल, मुलांच्या शाळा, घराचे हप्ते यांपुढे हौस ही चैनच वाटे. कर्तव्य आधी, हौस नंतर, असाच आपल्यावर संस्कार असतो.

पण हे खरे आहे का? भारतरत्न पां. वा. काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाच्या संपादनाला जोडण्यासाठी धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना लिहावी, एवढाच त्यांचा मूळ विचार. त्या प्रस्तावनेचा पाच खंडांचा ग्रंथ झाला. पहिला खंड १९३० साली निघाला, पाचवा पुरा झाला १९६२ साली. तेव्हा काणे ८२ वर्षांचे होते. ते निवृत्तीची वाट पाहत बसले असते तर?

आम्हा डॉक्टरांना इमर्जन्सीत पहिला धडा मिळतो तो असा, की जो रुग्ण मोठ्याने ओरडतो तोच सर्वांत गंभीर असतो असे नाही. कोपऱ्यात गप्प पडलेल्याकडे आधी पाहावे लागते. रुग्णांच्या बाबतीत हे मी कधी विसरलो नाही. घरात मात्र विसरलो. बिले आणि फोन ओरडत होते, आईच्या ओव्या गप्प होत्या.

२०१७ साली आईला डिमेन्शियाचे निदान झाले. खुणा मला आधीच दिसायला हव्या होत्या. मग मी घाईघाईने वही घेऊन बसू लागलो. या आजारात माणसांची नावे पुसली जातात, पण जुनी गाणी पुष्कळदा अधिक काळ टिकतात. मला ती कधीकधी "कोण आपण?" असे विचारी, पण मी चाल धरली की पहिली ओळ सहज म्हणे. दुसऱ्या ओळीशी मात्र अडखळे. दोन वर्षांत ४१ ओव्या मिळाल्या. त्यांतल्या बऱ्याच अर्ध्याच आहेत. नंतर ती गेली.

आपण पूजेला बसतो तेव्हा गुरुजी संकल्प सांगतात. त्यात आधी देश-काळाचा उच्चार होतो : संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी. मग काय करणार ते सांगायचे आणि पळीने ताम्हनात पाणी सोडायचे. इतकी वर्षे मी हा केवळ विधी समजत होतो. आता वाटते, काळ सांगितल्याशिवाय संकल्प होतच नाही. माझ्या वहीत काम होते, काळ नव्हता.

म्हणून आता एक तारखेला मी प्रत्येक हौसेपुढे एकच प्रश्न लिहितो : हे कोणासाठी थांबू शकते? भूप थांबेल, पेटी कुठे जात नाही. पण ज्या कामात दुसऱ्या कोणाचे आयुष्य गुंतले आहे ते थांबणार नाही. ते हौस म्हणून मागे टाकता येत नाही, ते ऋण असते.

मुलगी म्हणते, "बाबा, राहिलेल्या ओळी तुम्हीच रचा की." जमेलही कदाचित. पण त्या आईच्या होणार नाहीत. त्या जागा मी कोऱ्याच ठेवल्या आहेत.

आपल्यापैकी कोणाची आई, आजी, काका या उत्सवात शेजारी बसले असतील, तर आरतीनंतर जरा त्यांच्याजवळ बसा. वही बरोबर असू द्या.

गणपती बाप्पा मोरया!