मागची सीट

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीपासून वेगळा झाला आणि इथल्या नव्या गाड्यांवर एमएच 38 लागलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, 2001 मध्ये, बजाजने दोन मोटरसायकली बाजारात आणल्या. एक कावासाकीच्या घडणीची एलिमिनेटर, लांबलचक, बुटक्या सीटची, पाय पुढे टाकून बसायची. दुसरी पल्सर, 'डेफिनेटली मेल' म्हणत विकलेली. आमच्या पिढीच्या पोरांनी कोणती उचलली ते सांगायला नको. एलिमिनेटर महाग होती हे खरं, पण 2005 मध्ये तिचीच स्वस्त बहीण ॲव्हेंजर आली तरी कॉलेजच्या गेटवर माना वळायच्या त्या पल्सर नाहीतर करिझ्माकडे, आणि पुढे आर15, ड्यूककडे.

तीच पोरं आता चाळिशीत आहेत आणि एकामागून एक क्रूझर, म्हणजे त्या एलिमिनेटरच्याच जातीच्या गाड्या, घेत आहेत. मीही घेतली. कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "वय झालं, कंबर बोलायला लागली." मला हे उत्तर अर्धवट वाटतं. कंबर बोलते ते खरं, पण ती पंचविशीतही बोलत होती. तेव्हा आम्ही ऐकत नव्हतो, कारण ऐकलं असतं तर मित्रांत हसं झालं असतं.

आधी रस्त्याचा हिशोब मांडू. केंद्र सरकारच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार दुचाकीची कमाल वेगमर्यादा चौपदरी रस्त्यावर ताशी 80 किलोमीटर आणि इतर रस्त्यांवर 60. शेजारच्या वाशीम जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो, पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. म्हणजे अकोला-नांदेड हा 161 क्रमांकाचा महामार्ग सोडला तर सेनगाव, औंढा, बसमत, कुठल्याही दिशेला निघा, कायद्याने तुमच्या वाट्याला 60 येतात. आणि रस्ता तेवढेही देईल याची खात्री नाही. फेब्रुवारी-मार्चपासून हळदीच्या ट्रॉल्या हिंगोलीच्या मार्केटकडे निघतात. हिवाळ्यात उसाच्या जोडट्रॉल्या, बऱ्याचशा मागच्या लाल दिव्याविना. सोयाबीन निघालं की अर्धा रस्ता खळं होतो. फाट्याफाट्यावर गतिरोधक, तेही कुणाच्या मनाला येईल त्या उंचीचे.

आता यंत्र बघा. यामाहा आर15 चं 155 सीसीचं इंजिन आपली पूर्ण ताकद मिनिटाला दहा हजार फेऱ्यांवर देतं, आणि त्याचा सर्वाधिक टॉर्क, सुमारे 14 न्यूटन-मीटर, साडेसात हजारांवर मिळतो. रॉयल एनफिल्डच्या मीटिओर 350 ला 27 न्यूटन-मीटर चार हजारांवरच मिळतात. अश्वशक्तीत दोघींमध्ये फारसा फरक नाही, फरक ती कुठे मिळते याचा आहे. ट्रॉलीच्या मागे वेग तिशीवर आला, समोरचा रस्ता मोकळा दिसला आणि पुढे जायचं, तर आर15 वर दोन गिअर खाली टाकून इंजिन ओरडवावं लागतं. क्रूझर आहे त्या गिअरमध्ये खेचते. स्पोर्ट बाईक 60 ला दुसऱ्या गिअरमध्येच पोहोचते आणि मग तिचा खरा स्वभाव जिथे सुरू होतो तिथे आपला कायदा आणि आपला रस्ता दोन्ही संपलेले असतात. ही गाडी वाईट नाही. ती शर्यतीच्या ट्रॅकसाठी काढलेल्या आराखड्यातून आलेली आहे, आणि सेनगाव रोड हा ट्रॅक नाही.

बसण्याचंही तसंच. स्पोर्ट बाईकचं हँडल खाली, पाय मागे, धड पुढे झुकलेलं. या बैठकीमागे शास्त्र आहे. वेग भरपूर असला की समोरचा वारा छातीला टेकू देतो आणि मनगटांवरचा भार हलका होतो. साठ-ऐंशीच्या वेगाला वाऱ्यात तेवढा जोर नसतो, मग सगळं ओझं मनगटं आणि खांदे वाहतात. हिंगोलीहून नांदेडला जाऊन आलं की हात बधिर होतात ते याच कारणाने. मान वर ठेवून बघावं तर ती आखडते, खाली ठेवावी तर स्पीडोमीटर आणि पुढचं चाक एवढंच जग उरतं. ताठ बसणाऱ्याला ट्रॉलीच्या पलीकडचं दिसतं, आणि आमच्याकडच्या रस्त्यावर जीव वाचतो तो बऱ्याचदा पलीकडचं दिसल्यामुळे.

एवढं म्हटल्यावर क्रूझरची आरती ओवाळायची नाही, कारण तिचे दोष मी रोज सोसतो. पाय पुढे गेले की शरीराचं सगळं वजन माकडहाडावर येतं. खड्डा आला तर साध्या गाडीवर फुटरेस्टवर जोर देऊन किंचित उठता येतं. क्रूझरवर ते नीट जमत नाही, मागच्या शॉकअपचा दणका थेट मणक्यात जातो. मीटिओरचं वजन 191 किलो, आर15 पेक्षा जवळपास पन्नास किलो जास्त. अचानक कुत्रं आडवं आलं तर हलकी गाडी चटकन वळते, ही लांब गाडी विचार करून वळते. 'आरामशीर' हा शब्द जाहिरातीत शोभतो. कळमनुरीच्या पुढे आडरस्त्याला लागलं की तो तपासून घ्यावा लागतो. (औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो' वेधशाळा उभी राहते आहे. अणूहूनही सूक्ष्म थरथर मोजणारं यंत्र. आमच्या गाड्यांच्या थरथरीसाठी एवढ्या नाजूक यंत्राची गरज नाही, चहाच्या टपरीवर उतरणाऱ्याची चाल पुरते.)

मग टॉर्क जास्त, वेग कमी, बैठक ताठ, दणके कायम, एवढ्यावर कुणी दोन-अडीच लाख का मोजावेत? माझं उत्तर मागच्या सीटवर आहे.

स्पोर्ट बाईकची मागची सीट ही नाइलाजाने ठेवलेली जागा असते. उंच, तळहाताएवढी, पुढे उतरती. मागचा माणूस ब्रेक लागला की पुढच्याच्या पाठीवर आदळतो. केंद्रीय मोटर वाहन नियमांतला 123 वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्यासाठी धरायला आधार आणि पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं चाक अर्ध्याहून कमी नाही इतकं झाकलेलं हवं. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते. नवी स्पोर्ट बाईक घरी आली की पहिल्या आठवड्यात पोरं जी वस्तू काढून फेकतात ती हीच, 'लूक जातो' म्हणून. त्या एका पान्याच्या फिरकीत घरातली आई, बायको, आजी गाडीवरून उतरवली जाते. माझ्या जुन्या गाडीवर बायको एकदाच औंढ्यापर्यंत आली, परतीला तिने सरळ एसटी धरली. मला तेव्हा ते तिचं भित्रेपण वाटलं होतं.

आपल्याकडे लांबच्या वाटेला एकट्याने निघायची हौस फारशी नव्हती. नरसीचे नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्यांच्या नावाने अजूनही गावागावांतून माणसं निघतात ती दिंडीने निघतात. औंढा नागनाथ, माहूर, नरसी, इकडे जाणारी माणसं जोडीने, घराने, गल्लीने जातात. स्पोर्ट बाईकचं टुरिंग या सवयीच्या विरुद्ध आहे. एका माणसाचं, एका हेल्मेटमधलं, किती मिनिटांत पोहोचलो ते सांगण्यासाठीचं. क्रूझरची मागची सीट बुटकी, रुंद, आणि काही मॉडेलना तर पाठीला टेकणही असतं. मागचा माणूस पुढच्याच्या खांद्यावरून बघू शकतो, बोलू शकतो, "थांब, इथे सीताफळं घेऊ" म्हणू शकतो. प्रवासाचा वेग मग दोघांनी मिळून ठरतो. इसापूर धरणाच्या कडेला आम्ही थांबायला लागलो ते गाडी बदलल्यावर. आधी ते पाणी उजव्या बाजूला चमकून जायचं, एवढंच.

क्रूझरवाल्यांचाही एक माज आहे, तो लपवू नये. ॲव्हेंजरची जाहिरातच मुळी 'फील लाइक गॉड' होती. सायलेन्सर बदलून गल्ली हादरवणारे बुलेटस्वार काही शांतपणाच्या शोधात निघालेले नसतात, पोलिसांना ठिकठिकाणी त्या सायलेन्सरवर रोलर फिरवावे लागतात. वेगाची चढाओढ सोडून आवाजाची धरली तर गाडी बदलली, स्वार तोच राहिला.

आणि ज्या संथपणाचं आम्ही चाळिशीत कौतुक करतोय तो या जिल्ह्यात नवा नाही. स्प्लेंडरवर मागे बायको, मध्ये पोर, हँडलला पिशवी, पन्नासच्या वेगाने कळमनुरीचा बाजार गाठणारा माणूस हे टुरिंग गेली कित्येक वर्षं करतो आहे. ताठ बसतो, खड्ड्याला फुटरेस्टवर जोर देतो, साडीगार्ड काढत नाही. आमच्या रस्त्यांना सगळ्यात नीट ओळखणारी बैठक त्याचीच. आम्ही त्याच्यापर्यंत लांबच्या वळणाने, जास्त पैसे मोजून पोहोचलो.

तरीही ज्यांना घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी सोय झाली आहे. सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्याहून मोठ्या इंजिनावर तो 40 टक्के आहे. हिंगोलीच्या रस्त्यांना 350 च्या वर काही लागतही नाही. फक्त टेस्ट राइडला एकटे जाऊ नका. जिला किंवा ज्याला मागे बसवून फिरायचं आहे त्यांना शोरूममध्ये सोबत न्या, डबलसीट चक्कर मारा, खराब रस्त्यावरून मारा, आणि बुकिंगचे पैसे त्यांनी हो म्हटल्यावरच भरा.