मूळ भाग कोणता?

जुन्या मोटारीचा पुनरुद्धार हाती घेणारी माणसे बहुधा शेवटी एका क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नापाशी येऊन अडतात. इंजिन झाले, रंग झाला, बैठकींचे चामडे झाले. आता गाडी आतून ऊबदार ठेवणारा हीटर बसवावयाचा, तर त्याचा मूळचा भाग कोणता? गोव्यातील वाचकास हा प्रश्न हास्यास्पद वाटेल, कारण येथे मोटार तापविण्याचे काम ऊन फुकट करीत असते. (ग्वाल्हेरची पौषातील पहाट ज्यांनी अनुभवली आहे ते मात्र हसणार नाहीत.) परंतु त्या लहानशा डब्याच्या निमित्ताने उभा राहणारा प्रश्न केवळ मोटारीपुरता नाही, असे आम्हांस वाटते.

उदाहरणादाखल इंग्लंडातील मॉरिस मायनर घेऊ. अ‍ॅलेक इसिगोनिस यांच्या कल्पनेतून उतरलेली ही गाडी १९४८ साली लोकांपुढे आली आणि १९७१ सालापर्यंत तिचे नग १६ लाखांच्या वर निघाले. अशा गाडीतील हीटरची रचना साधी असते. इंजिनात तापलेले पाणी रबरी नळ्यांतून एका छोट्या रेडिएटरमध्ये यावयाचे आणि विजेच्या पंख्याने त्यातून वारा घालावयाचा, एवढेच. पण त्यासाठी पाणी नेटाने फिरले पाहिजे. पहिल्या मायनरांना पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व निवलेले खाली उतरते, या निसर्गनियमावरच त्यांचे भागत असे. १९५० च्या डिसेंबरात पंप आला, आणि त्यानंतरच कारखान्यास हीटर देऊ करता आला. तोही मागेल त्यास, जादा किंमत घेऊन.

आता समजा, १९४९ सालच्या एखाद्या मायनरमध्ये कोणी त्या काळचा अस्सल स्मिथ्स हीटर बसविला. हीटर खरा, गाडीही खरी. परंतु ‘ही गाडी अशीच कारखान्यातून निघाली’ असे मालक सांगू लागला, की दोन खऱ्या वस्तूंच्या संगमातून एक असत्य जन्मास येते. मूळपण हा वस्तूच्या अंगचा गुण नव्हे. ते वस्तूविषयी दिलेल्या साक्षीचे नाव आहे, असे आम्ही म्हणतो ते याच कारणास्तव.

साक्षी तपासण्याची साधने जाणत्यांजवळ पुष्कळ आहेत. भागावरील निर्मात्याची पट्टी ते पाहतात. लुकस कंपनीच्या विजेच्या भागांवर नमुन्याचा क्रमांक आणि बहुधा महिना व वर्षही ठोकलेले असते. गाडी ज्या महिन्यात निघाली त्यानंतरचा भाग तिच्यात आढळला, तर तो मागाहून आला हे उघडच झाले. इंजिन आणि बैठक यांच्यामधील पत्र्याला पडलेली भोके तर फारच बोलकी असतात. भोकाच्या कडेवर कारखान्याचा रंग चढलेला असेल, तर भोक रंगापूर्वीचे; कडेला उघडा पत्रा गंजलेला असेल, तर ते कोणीतरी मागाहून पाडलेले. इंग्लंडात गेडन येथील ब्रिटिश मोटर म्यूझियममध्ये ज्या गाड्यांच्या नोंदवह्या टिकून आहेत, त्यांविषयी दाखला मिळतो: गाडी कधी बांधली, रंग कोणता, कोठे रवाना झाली. पण येथेही एक गाठ आहेच. पुष्कळ हीटर कारखान्यात नव्हे, तर विक्रेत्याच्या दुकानात बसविले जात. वहीत त्यांचा उल्लेख नाही. तथापि पहिल्या मालकाने गाडी घरी नेली तेव्हा हीटर तिच्यात होता. त्यास मूळचा म्हणावे की नाही? आम्ही म्हणू, ‘विक्रेत्याने बसविलेला’ असे म्हणावे. सत्यास दोन शब्द अधिक लागत असतील, तर ते खर्च करण्याची कंजुषी करू नये.

याहून बिकट प्रसंग गळक्या हीटरचा. बाहेरचा डबा, पंखा, निर्मात्याची पट्टी सर्व जुने. आतील छोटा रेडिएटर मात्र कुजलेला, म्हणून कारागिराने आतील भाग नवा घातला. हा हीटर जुना की नवा? मिलिंद राजास नागसेनाने रथाविषयी विचारलेले प्रश्न येथे कोणासही आठवतील: आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय? आमच्या मते त्या संवादाने तत्त्वज्ञाचे समाधान होते. गिऱ्हाइकाचे होत नाही. रथ हे अवयवांच्या जुळणीस दिलेले नाव आहे हे मान्य केले, तरी त्यातील चाक कधी बदलले हे विचारण्याचा अधिकार विकत घेणाऱ्यास उरतोच.

आपल्याकडे जीर्णोद्धाराची कल्पना फार पूर्वीपासून रुळलेली आहे. मंगेशाचे लिंग सोळाव्या शतकात कुशस्थळीहून प्रियोळास आणले गेले. प्रियोळचे देऊळ म्हणजेच कुशस्थळीचे देऊळ, असे कोणी भाविक म्हणत नाही. आणि म्हणून त्याची भक्ती उणी होते असेही नाही. स्थलांतराची कथा तर तो अभिमानाने सांगतो. बदल झाला यात कोणास लाज वाटत नाही, म्हणून तो लपविण्याची गरजही पडत नाही. मोटारीच्या हौशी मंडळींत नेमकी हीच लाज शिरली आहे, कारण ‘मूळ’ या शब्दास बाजारात भाव आला आहे. मग नवी पट्टी छापून ती घासावयाची, गंजवावयाची आणि जुनी म्हणून खपवावयाची, असे उद्योग सुरू होतात. गरज म्हणून नवा भाग घालणे हा दोष नव्हे. त्यास वार्धक्याचे सोंग देणे हा मात्र निःसंशय दोष आहे, मग ते सोंग कितीही कुशल हातांनी उभे केलेले असो.

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०१२ साली ट्यूरिनची सनद म्हणून जी तत्त्वे मान्य केली, त्यांत बदललेल्या भागांवर सहज ओळखू येईल अशी टिकाऊ खूण असावी, असा आग्रह आहे. काही हौशी लोकांस ही खूण म्हणजे सुंदर चेहऱ्यावरील डाग वाटते. आम्हांस ती कारागिराच्या सहीसारखी वाटते.

राहता राहिली ती हीटर न घेतलेली गाडी. पहिल्या मालकास तो नको होता, किंवा गाडी जावयाची त्या देशात थंडीच नव्हती. नळ्यांच्या जागी भोकांवर बूच अथवा झाकणपट्टी बसवून ती रवाना झाली. आज तिचा नवा मालक जुन्या माहितीपुस्तकातील चित्र पाहून ‘अपुरा’ भाग शोधीत भंगाराची दुकाने धुंडाळतो, दामदुप्पट पैसे मोजतो, आणि हीटर घरी आणल्यावर पहिले काम कोणते करतो, तर ती झाकणपट्टी उपटून केरात टाकतो.